चांदावर हात

जी गोष्ट चांदावर हात ठेवून मिटली ती पुन्हा कुणी उकरायची नाही, असा आमच्या कोळीवाड्याचा नियम आहे. मी उकरणार आहे. लग्न होऊन विरारला आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, चौथ्या मजल्यावर राहते, शाळेत कारकुनी करते, तेव्हा हा नियम आता मला लागू नाही असं म्हणायची सोय आहे. पण ते खोटं झालं. लागू आहे. तरीही उकरणार आहे, कारण इनासकाका गेले, आणि त्यांच्या मातीला आलेला माझ्या भावाच्या वयाचा एक जण दुसऱ्याला सांगत होता, ‘अरे तोच हा, आपल्या होड्यांवर चांद काढून ठेवायचा तो.’ माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मातीची जागा होती म्हणून गप्प बसले.

इनासकाका होड्या रंगवायचे. पावसाळ्याआधी आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली शाकारून ठेवतात. दोन-अडीच महिने मासेमारी बंद. पुरुष जाळी विणतात, भांडतात, झोपतात. त्या दिवसांत सगळ्या किनाऱ्यावर एकच माणूस खऱ्या अर्थाने कामावर असायचा, तो म्हणजे काका. उंच, काटकुळे, खाकी अर्धी चड्डी, गंजीफ्रॉक, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस आणि कानामागे ब्रश. रंग कालवायला त्यांना करवंट्या लागत. पत्र्याचे डबे, प्लास्टिकची भांडी काही चालायचं नाही. करवंटीतला रंग उरला तर तो दुसऱ्याच्या होडीला लावायचा नाही, वाळूत पुरायचा. ‘एकीचा घाम दुसरीला कशाला?’ म्हणायचे.

होडीशी ते बोलत. हे मी लाडाने सांगत नाही, खरंच बोलत. आधी बोटांच्या पेरांनी तिच्या फळ्या ठोकून बघायच्या, डॉक्टर पाठीवर ठोकतात तशा. मग, ‘काय गो बाय, कुठं घासून आलीस? हा तुझा मालक डोळे मिटून चालवते काय?’ मालक शेजारीच उभा असायचा. त्याला वेगळं काही सांगायची गरज पडत नसे. हात धुवायचे ते आधी रॉकेलने, मग साबणाने. त्यामुळे त्यांच्या दुपारच्या भाकरीला कायम रॉकेलचा वास. माझी आई नाक मुरडायची, तर म्हणायचे, ‘वहिनी, इंजिन त्याच्यावर चालते, मी नाय चालनार?’

आमचा कोळीवाडा अर्धा हिंदू, अर्धा ख्रिस्ती. अर्ध्या घरांत देव्हारा, अर्ध्यांत आल्तार. माझे वडील जयराम, त्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि इनासकाका एकाच वर्षी जन्मले, एकाच वर्षी शाळा सोडली आणि एकाच माडावरून दोघांनी चोरून ताडी काढली. दादा पकडले गेले, काका पळाले. पन्नास वर्षं दादा ते ऐकवायचे आणि पन्नास वर्षं काका म्हणायचे, ‘तुला पळता येत नाय त्यात माझा काय गुन्हा?’

आता चांदाचं सांगते. होडीचं जे पुढचं टोक, तिचं नाक म्हणा, त्याला आम्ही नाळ म्हणतो. नाळेच्या उजव्या अंगाला सूर्य आणि डाव्या अंगाला चांद, ही आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांची जुनी खूण. हिंदूच्या होडीवर तीच, ख्रिस्तावाच्या होडीवर तीच. काकांच्या आजाने सुरू केली असं काका सांगायचे, आणि आजाने कुठून उचलली तेही त्यांनी एकदा दाखवलं.

मी सातवीत असेन. चांदीप गावाच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाला गेलो होतो, दादा, काका आणि मी. जेवणं आटोपल्यावर काका म्हणाले, चला, एका घरच्या मानसाला भेटून येऊ. शेताच्या बांधाबांधाने गेलो तर एका चिंचेखाली कमरेएवढा दगड उभा. वरच्या अंगाला सूर्य आणि चांद कोरलेला, खाली अक्षरं, कुणाला वाचता न येणारी. एका गायीचा दोर त्याला बांधलेला. काका उकिडवे बसले आणि चांदावर वीत टेकवून त्याचं माप घेऊ लागले, चुलतभावाच्या पोराची उंची बघावी तसे. शेताचा मालक लांबून ओरडला, ‘काय शोधता वो?’ काका म्हणाले, ‘नाय, काय नाय. बरा हाय का बघायला आलो.’

परत येताना त्यांनी मला समजावलं. कुठल्यातरी राजाने ही जमीन कुणाला दिली. देताना म्हणाला, जोवर वर चांद-सूर्य हायत तोवर ही तुझी, कोनी काढून घ्यायची नाय. मी विचारलं, ‘राजाकडे दुसरे साक्षीदार नव्हते?’ काका म्हणाले, ‘होते की. पन ते मेले असते.’ दादा हसले. म्हणाले, ‘इनास, तू मास्तर व्हायचास.’ ‘शाळेत बसवलं असतं तर झालो असतो,’ काका म्हणाले.

एकदा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नवीन फादर आले होते. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की हा इनास हिंदूंच्या खुणा काढतो. फादरनी बोलावलं. काका गेले, टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘फादर, त्या आल्तारावरच्या मरियामायच्या पायाखाली बघा काय हाय.’ फादरनी पाहिलं. चांदाची कोर. मरियामाय तिच्यावरच उभी. फादर हसून म्हणाले, जा बाबा, काम कर. घरी येऊन काका आईला म्हणाले, ‘वहिनी, चांद लई गुनी. तुमच्या महादेवाच्या डोक्यावर बसतो, आमच्या मायच्या पायाखाली बसतो, तिकडं मशिदीवर चढतो. कोन त्याला खाली बस म्हनालं म्हनून रुसत नाय.’

आणि याच चांदावर हात ठेवून आमच्याकडे खरं-खोटं व्हायचं. पोलीस नको, कोर्ट नको. ज्याच्यावर आळ त्याने, किंवा ज्याची साक्ष हवी त्याने, समुद्राच्या पाण्याने उजवा हात धुवायचा, होडीच्या डाव्या अंगाला जायचं, तळवा चांदावर टेकवायचा आणि जे असेल ते एकदाच बोलायचं. बोलला की संपलं. ते खरं. मागून कुणी शंका घ्यायची नाही, विषय काढायचा नाही. काका त्या वेळी हजर लागायचेच, कारण रंग सुकलाय की नाही ते तेच सांगायचे. ‘रंग ओला असला तर शपथ नाय,’ म्हणायचे. ‘हाताला चांद लागंल आनि मानूस घरी घेऊन जाईल.’ लोक हसायचे, पण ओल्या रंगावर कधी कुणी शपथ घेतली नाही.

मी स्वतः पाहिलेली एक सांगते. दोन चुलतभाऊ होते. एकाचं जाळं गेलं. आळ दुसऱ्यावर. दुसरा तावातावाने आला, हात धुतला, चांदासमोर उभा राहिला. हात वर केला. आणि तसाच उभा. सगळा कोळीवाडा बघतोय. काका शेजारी करवंटीत रंग ढवळत बसलेले, मान वर केली नाही. बराच वेळ गेला. मग तो गडी हात पुसत म्हणाला, ‘मना काम हाय घरी,’ आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे जाळं पहिल्याच्या ओटीवर घडी घालून ठेवलेलं. कुणी एक शब्द विचारला नाही. हे लिहिताना मला कळतंय की लोक म्हणतील, भाबडी माणसं. म्हणोत बापडे. त्या गावात आमच्या घराला कडी होती, कुलूप नव्हतं.

आमच्या होडीचं नाव धनलक्ष्मी. रंग हिरवा. का हिरवा, तर शेवाळ दिसत नाही म्हणून. दादांचा आळस, दुसरं काही नाही. तिच्या नाळेवर बाकीच्या होड्यांसारखा चांद होताच, पण आमच्या चांदाच्या कुशीत एक पांढरा ठिपका होता, चांदणी. सगळ्या किनाऱ्यावर तो फक्त आमच्या होडीला.

माझी एक बहीण होती, शैला. दीड वर्षांची असताना काविळीने गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची. त्या पावसाळ्यात दादा कुणाशी बोलत नव्हते. होडी रंगवायची वेळ आली तशी एका सकाळी मला म्हणाले, ‘मालू, इनासकाकांकडं जा. सांग, यंदा चांदाजवळ एक चांदनी पन काढायची. बारकी.’ मी धावत गेले, निरोप सांगितला. काका पायरीवर बसून चहा पीत होते. कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं. कशाला, कुणासाठी, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, ‘बापाला सांग, काढतो.’

चांदणी त्यांनी ब्रशने काढली नाही. पांढऱ्या रंगात करंगळी बुडवली आणि टेकवली. ‘लेकराला ब्रश कशाला,’ असं काहीतरी पुटपुटले. त्यानंतर दर वर्षी होडी सगळी रंगवून झाली की शेवटी करंगळीने ती चांदणी. आई त्या दिवशी मुद्दाम किनाऱ्यावर यायची, काकांना चहा द्यायचं निमित्त करून. ठिपका टेकवून झाला की काका तिच्याकडे न बघता म्हणायचे, ‘ठेवली वहिनी.’ आई कप घेऊन घरी जायची. चाळीसेक वर्षं हे चाललं. रंगावर रंग चढून ती चांदणी फळीवर चिकूच्या बीएवढी उंच झाली होती, डोळे मिटून हाताला लागायची.

आता मागच्या काही वर्षांचं. नारळी पौर्णिमेला होड्या सजतात, मुंबईची पोरंपोरी फोटो काढायला येतात. त्यातल्या कुणीतरी धनलक्ष्मीचा फोटो काढला. हिरवी होडी, पांढरा चांद, शेजारी पांढरी चांदणी. तो फोटो फोनाफोनांतून कुठल्या कुठे गेला आणि परत आमच्या गावात आला तेव्हा त्याच्याखाली लिहिलेलं होतं, ‘ही होडी कोणाची? आपल्या किनाऱ्यावर हे काय चाललंय? वेळीच जागे व्हा.’ होडीचा नंबर त्यात स्पष्ट दिसत होता. दोन पोलीस आले, कागद पाहिले, चहा घेतला, गेले. कागद चोख होते. पण दादा घाबरले ते घाबरलेच. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, आयुष्यात एकच वस्तू कमावलेली, ती होडी. तिला कुणी काडी लावली तर?

माझा धाकटा भाऊ भरत कोळीवाड्यातल्या तरुण मंडळाचा पुढारी. वाईट नाही हो. समुद्रात कुणी बुडत असेल तर पहिली उडी त्याची. पण फोनमध्ये जे येतं ते त्याला वेदवाक्य. मला म्हणाला, ‘ताई, तुला नाय समजत. ती निशाणी त्यांची आहे. बघणारा काय समजणार? हिरव्यावर चांदतारा म्हणजे सीधा मॅटर आहे.’

मी म्हटलं, ‘अरे गाढवा, महादेवाच्या डोक्यावर काय आहे मग?’

‘तो वेगळा. तो आडवा असतो. हा उभा आहे.’

काका तिथेच होडी खरवडत होते. म्हणाले, ‘चांद आज उभा असतो, परवा आडवा. भरत, तूच त्याला एकदा सांगून ठेव, नीट झोप म्हनून.’ मी खो खो हसले. भरत हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जुलैमधला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मी आईच्या गुडघ्यांचं औषध घेऊन माहेरी आले होते. मंडळाने किनाऱ्यावरच बैठक बोलावली. पन्नासएक माणसं, धनलक्ष्मीच्या भोवती. भरतने ठराव मांडला की चांद आपला नाही, या वर्षापासून एकाही होडीवर तो नको. त्याला कुणी विरोध केला नाही. ज्यांच्या होड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चांद होता, ते म्हातारे वाळूत रेघोट्या ओढत बसले. काका पुढे उभे, हातात खरवडायची पट्टी. एवढंच म्हणाले, ‘नको तर नको. होड्या तुमच्या. पन तो बाहेरचा हाय असं बोलू नका. तो आपला हाय, एवढं कोनीतरी बोला.’

कुणी बोललं नाही. आणि मागून एक आवाज आला, कुणाचा ते मला माहीत आहे, लिहीत नाही. ‘इनास ख्रिस्ताव. त्याला काय पडलंय आपल्या होडीचं? मुद्दाम काढला असंल.’

आमच्या कोळीवाड्यात हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. भांडणं पाहिलीत, डोकी फुटलेली पाहिलीत. पण ‘इनास ख्रिस्ताव’ असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. इनास म्हणजे इनास.

काका आधी हसले. ‘अरे, मुद्दामच काढतो मी. चुकून कोनाला चांद जमतो काय?’

‘बघा, कबूल केलं,’ तोच आवाज. गलका झाला. दोन-तीन पोरं पुढे सरकली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. पहिल्यांदा त्यांना समजलं की हे चेष्टेत चाललेलं नाही. ते दादांकडे वळले, अगदी निर्धास्तपणे. ‘जयरामाला विचारा ना. त्यानं सांगितल्याबिगर मी एक ठिपका नाय ठेवला.’

सगळे दादांकडे बघू लागले. दादा खाली बघत होते. मग भरत बोलला, आणि काय बोलला ते ऐका. ‘दादा, तुम्ही चांदावर हात ठेवून सांगून टाका. म्हणजे विषय खतम.’

दोन मिनिटांपूर्वी हाच म्हणाला होता की चांद आपला नाही. आणि खरं ठरवायची वेळ आली तर त्याच्या तोंडून आपोआप चांदच निघाला! त्याला कळलंही नाही. एकाही पोराला कळलं नाही. सगळे म्हणाले, हां हां, हात ठेवू द्या. एका म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, तेवढंच.

मला वाटलं, सुटलो. खरंच सांगते, मला वाटलं, बरं झालं. दादा बाहेर काहीही बोलतील, भीतीने बोलतील, पण चांदावर हात ठेवून खोटं बोलणार नाहीत. त्या जाळं चोरणाऱ्याला जे जमलं नाही ते माझ्या बापाला कसं जमेल? काकांनाही तेच वाटलं असणार, कारण ते बाजूला झाले आणि दादांना वाट करून दिली.

दादा पाण्यापर्यंत गेले. हात धुतला. सावकाश परत आले. होडीच्या डाव्या अंगाला उभे राहिले आणि तळवा टेकवला. तळव्याखाली चांद झाकला गेला, चांदणी बोटांच्या मधून दिसत होती.

‘मी सांगितलं नव्हतं,’ दादा म्हणाले. ‘चांद नाय, चांदनी नाय. इनासनं आपल्या मनानं काढली.’

एवढं बोलून त्यांनी हात काढून घेतला.

मी तिथे होते. निरोप घेऊन गेलेली मीच होते. पन्नाशीची बाई, चार बुकं शिकलेली, शाळेत हेडमास्तरांनाही चार शब्द सुनावणारी. मी तोंड उघडलं नाही. का? बापाला चारचौघांत खोटं पाडायचं? भावाची मान खाली घालायची? आणि एकदा चांदावर बोललं की पुढे बोलायचं नाही, हा नियम तर होताच. त्या दिवशी तो नियम माझ्या फार सोयीचा पडला. मला स्वतःची किळस आली, आणि तरी मी पदर खोचून तिथेच उभी राहिले.

काका होडीजवळ आले. दादांचा हात होता तिथे त्यांनी बोट लावलं, बोट उलटं करून पाहिलं. ‘रंग सुकलेला हाय,’ म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. मग लोकांकडे वळून, ‘हात ठेवून बोललाय तो. झालं मग. मीच काढला.’

मला अजूनही वाटतं, त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. दादांची गचांडी धरायला हवी होती. खोटारड्या, तुझी पोर मेली तेव्हा कोण आलं होतं माझ्या दारात, असं बोंबलून विचारायला हवं होतं. पन्नास माणसांत त्या चांदाला मानणारा एकटाच माणूस उरला होता, आणि म्हणूनच त्याला ते खोटं खरं मानावं लागलं. आमच्यापैकी ज्यांनी तो कधीच सोडून दिला होता ते सगळे सुटले.

काकांनी स्वतःच हिरवा रंग करवंटीत ओतला. भरत म्हणाला, ‘काका, राहू द्या, आम्ही करतो.’ काका म्हणाले, ‘तुमी कसंबी खरवडाल. फळी खराब होईल.’ एक हात दिला, चांद खालून दिसत होता. दुसरा दिला, तिसरा दिला. उरलेला रंग वाळूत पुरला, ब्रश धुतला आणि घरी गेले. संध्याकाळी पोरांनी त्या जागी छापील स्टिकर लावला, डोळे वटारलेला देव. देव आमचाच, पण इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आई दारात बसली होती. तिला कुणीतरी येऊन सगळं सांगितलं. दादा घरात शिरले तशी ती म्हणाली, ‘आज दुसऱ्यांदा गेली माजी पोर.’ त्यानंतर ती दादांना जेवायला वाढते, औषध देते, पण त्यांच्याशी बोलत नाही.

सप्टेंबरमध्ये चांगली पापलेटं मिळाली तेव्हा दादांनी माझ्या हाती काकांकडे चार पाठवली, डब्यात घालून. मला वाटलं, काका परत करतील. मनातून वाटत होतं, करावीत. त्यांनी ठेवून घेतली. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात आपल्या परसातली केळी भरली. ‘जयरामाला सांग, दोन दिवसांत पिकतील,’ म्हणाले. दादांनी त्या केळ्यांना हात लावला नाही. ती काळी पडून गेली.

त्या वर्षानंतर काकांनी होडी रंगवली नाही. कुणी बोलावलंही नाही. आळच तसा होता, आणि चांदावर मिटलेला. न विचारता दुसऱ्याच्या होडीवर भलतीसलती खूण काढणारा माणूस, त्याच्या हातात रंग कोण देईल? पुढे त्यांची मुलगी फिलू त्यांना विरारला स्वतःच्या फ्लॅटवर घेऊन आली, आमच्यापासून दहा मिनिटांवर. मी जाईन जाईन म्हणत सहा महिने गेले नाही. त्या रस्त्याने भाजी आणायलाही जायचं टाळत होते.

शेवटी गेले. ठरवून गेले, की आज बोलायचं, नियम गेला चुलीत. काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. फार वाळले होते. मला बघून चेहरा उजळला. ‘मालू! ये गो बाय. दादा बरा हाय?’

मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, ‘काका, दादा खोटं बोलले. चांदणीचा निरोप मीच आणला होता तुमच्याकडे. तुम्ही पायरीवर चहा पीत होता. मला सगळं आठवतंय. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं.’

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मी काही घाणेरडं बोलले असेन तसं. ‘असं बोलू नये,’ म्हणाले. ‘हात ठेवून बोललाय तो.’

‘पण तुम्हाला आठवत नाही का?’

‘आठवत होतं. लई दिवस आठवत होतं.’ त्यांनी पांघरलेली शाल नीट केली. ‘मग मी विचार केला, बाय. एक तर जयराम खोटा, नाय तर चांद खोटा, नाय तर मी. जयराम माझा दोस्त. साठ-सत्तर वर्षांचा. आनि चांदावर तर माझ्या आजाचा हात फिरलेला. मग राहिला कोन?’

‘काका...’

‘मीच चुकलो असंन. म्हातारपन. आता मना तसंच आठवते. बरं वाटते तसं आठवलं की.’

मी रडायला लागले. तेवढ्यात फिलू चहा घेऊन आली, तिच्याबरोबर शेजारची एक बाई होती, काहीतरी वाटी परत द्यायला आलेली. मला रडताना बघून ती बावरली. काकांनी तिला माझी ओळख करून दिली. टोमणा नव्हता, कडवटपणा नव्हता, साध्या मनाने सांगितलं. ‘ही मालू. माझ्या दोस्ताची पोर. हिच्या बापाच्या होडीवर मी न विचारता भलतीच खूण काढली होती, त्यांना लई तरास झाला त्याचा. तरी पोर मना भेटायला आली, बघा.’

शेजारीण माझ्याकडे कौतुकाने बघू लागली. ‘मन मोठं आहे हो तुमच्या घरच्यांचं,’ ती म्हणाली.

काका मान डोलावत होते. फिलूने माझ्या हातात कप दिला. मी चहा प्यायले. तेव्हाही मी काही बोलले नाही.